विषय निवडण्याची मुभा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत विषय निवडण्याचा प्रश्न फारसा येतच नसे. हार्वर्ड असो वा येल, चार वर्षांचा अभ्यासक्रम ठरलेला असे आणि एका तुकडीतली सगळी मुले जवळपास तोच शिकत: लॅटिन, ग्रीक, गणित, थोडे भौतिकशास्त्र आणि शेवटच्या वर्षी नीतिशास्त्र, तेही पुष्कळदा खुद्द कॉलेजच्या अध्यक्षांकडून. वर्गात शिकवणे कमी आणि धडा म्हणून घेणे जास्त. नेमलेला भाग मुलाने तयार करून यायचा, नाव पुकारले की उभे राहून म्हणायचा, शिक्षकाने गुण टिपायचे. जोसाया क्विन्सी हार्वर्डचे अध्यक्ष होते त्या काळात (1829–45) अशा म्हणण्याला आठांपैकी गुण मिळत आणि गैरवर्तनाचे गुण त्याच बेरजेतून कापले जात. सगळ्यांचा अभ्यास एकच, म्हणून ही बेरीज चालून जाई. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे बिनदिक्कत सांगता येई.

या पद्धतीची सर्वांत भक्कम बाजू येलच्या प्राध्यापकांनी 1828 सालच्या अहवालात मांडली. आधी बुद्धीला वळण लागले पाहिजे, माहितीचा साठा नंतर. आणि वळण लावायला अभिजात भाषा व गणित यांच्यासारखे दुसरे काही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढची चार दशके अमेरिकेतली अनेक कॉलेजे याच अहवालाच्या आधारावर बदल टाळत राहिली.

याला अपवाद होता आणि तो येलच्या अहवालाआधीचा होता. थॉमस जेफरसन यांनी उभारलेले व्हर्जिनिया विद्यापीठ 1825 मध्ये सुरू झाले ते आठ स्वतंत्र शाखा घेऊन. प्राचीन भाषा, अर्वाचीन भाषा, गणित, कायदा अशा शाखांपैकी हव्या त्या शाखेत विद्यार्थ्याने नाव घालायचे. 1826 मध्ये तिथे दाखल झालेल्या एडगर अ‍ॅलन पो याने दोनच शाखा घेतल्या, प्राचीन भाषा आणि अर्वाचीन भाषा. गणिताच्या वाटेला तो गेला नाही. मात्र आठ प्राध्यापक म्हणजे आठच शाखा, त्यामुळे ही निवडही आखूडच होती.

खरी उलथापालथ हार्वर्डमध्ये झाली. 1869 मध्ये चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. रसायनशास्त्राचे अध्यापक, युरोपातल्या शिक्षणसंस्था हिंडून पाहिलेले. भाषा श्रेष्ठ की विज्ञान, या जुन्या वादात पडण्याचे पदग्रहणाच्या भाषणातच त्यांनी नाकारले. सगळेच विषय हवेत आणि उत्तम दर्जाचे हवेत, अशी त्यांची भूमिका होती. मग चाळीस वर्षे खुर्चीवर बसून त्यांनी एकेक सक्ती काढून टाकली, तीही वरच्या वर्गापासून खाली. 1872 मध्ये शेवटच्या वर्षाचे सक्तीचे विषय गेले, 1879 मध्ये तिसऱ्या वर्षाचे, 1884 मध्ये दुसऱ्या वर्षाचे. त्यानंतर पहिल्या वर्षाचेही बरेचसे. 1897 पर्यंत पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचा एक विषय तेवढा सक्तीचा उरला. एकदम सगळे सोडले असते तर प्राध्यापकांनीच बंड केले असते.

या मुभेचे समर्थन नेहमी विद्यार्थ्याच्या नावाने झाले. अठरा वर्षांच्या नीट शिकलेल्या मुलाला स्वतःला काय शोभते हे कोणत्याही प्राध्यापकमंडळापेक्षा चांगले कळते, असे एलियट म्हणत. पण फायदा अधिक कोणाचा झाला, हे पाहिले तर उत्तर वेगळे निघते. ठरलेल्या अभ्यासक्रमात नव्या विषयाला शिरायला फटच नव्हती, कारण एक विषय आत घ्यायचा तर दुसरा सगळ्यांसाठी बाहेर काढावा लागे. ऐच्छिक पद्धतीत ही अडचण संपली. चार्ल्स एलियट नॉर्टन यांनी 1874 पासून हार्वर्डमध्ये ललित कलांचा इतिहास शिकवायला घेतला. जुन्या चौकटीत त्याला तास मिळणे कठीण होते. जर्मनीत संशोधन शिकून आलेल्या तरुण प्राध्यापकांना आपापल्या विषयाचे वरचे वर्ग मिळाले, विभाग उभे राहिले, संशोधनाला जागा झाली. कॉलेजचे विद्यापीठ होण्यात ऐच्छिक विषयांचा वाटा मोठा आहे.

विरोध जोरदार होता. फेब्रुवारी 1885 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलियट आणि प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांचा जाहीर सामना झाला. मॅकॉश यांनी हार्वर्डची विषययादीच हातात घेतली आणि संगीत, फ्रेंच नाटके, कादंबऱ्या असे हलकेफुलके विषय जोडून पोराला पदवी कशी मिळवता येईल ते दाखवले. टीका खवचट होती, पण अगदीच पोकळ नव्हती. सोपा प्राध्यापक कोण, सकाळी लवकर तास नसलेला विषय कोणता, याचे ज्ञान विद्यार्थ्यांत आपोआप पसरते. 1898 च्या पदवीधर तुकडीची छाननी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी केवळ प्राथमिक पातळीचेच विषय घेतल्याचे आढळले. 1903 मध्ये ल बॅरन ब्रिग्ज यांच्या समितीनेही मुले अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी अभ्यास करतात असा निष्कर्ष काढला.

दरम्यान आणखी एक गोष्ट निमूटपणे बदलली होती. प्रत्येकाचे विषय वेगळे झाल्यावर पदवी पुरी झाली हे ठरवायचे कसे? उत्तर निघाले ते मोजणीचे: इतके विषय, आठवड्याला इतके तास. 1906 च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानने कॉलेज-प्राध्यापकांसाठी पेन्शन योजना आखली तेव्हा कॉलेज कशाला म्हणायचे, हे ठरवणे भाग पडले. त्यासाठी प्रवेशाआधीचे शालेय शिक्षण 120 तासांच्या एककात मोजले जाऊ लागले. या प्रतिष्ठानाच्या विश्वस्तमंडळाचे अध्यक्षही एलियटच होते. तासांवर बेतलेले क्रेडिट रूढ होण्यामागे असा पेन्शनचाही हात आहे.

संपूर्ण सक्ती आणि संपूर्ण मोकळीक यांच्यामधली वाट इतरत्र आधीच सापडली होती. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ 1876 मध्ये सुरू झाले आणि लगेचच्या वर्षांत त्याच्या माहितीपत्रकात मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) हे शब्द आले. डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी इंडियाना विद्यापीठात मेजरची पद्धत बसवली आणि 1891 मध्ये स्टॅनफर्डला नेली. हार्वर्डला ही शिस्त लावली एलियट यांच्या जागी 1909 मध्ये आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी. पदवीच्या सोळा विषयांपैकी सहा एकाच क्षेत्रातले हवेत, आणखी सहा इतर क्षेत्रांत विखुरलेले हवेत, उरलेले मर्जीचे. एका विषयात खोल आणि इतरांत ओळखीपुरते, ही विभागणी अमेरिकेत जवळपास सर्वत्र गेली. तिच्यातही सोपे विषय हुडकणारे होतेच, फक्त त्यांना आता थोडे अधिक फिरावे लागे.

याच काळात, 1913 मध्ये, बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्यांचा अभ्यास पदव्युत्तर होता, पण विषयांच्या भिंती तिथेही ठेंगण्या होत्या. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला तो अर्थशास्त्राच्या नव्हे, तर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेची उकल कोणत्या वर्गात बसून करावी, असा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. मुंबई विद्यापीठात कला आणि विज्ञान यांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर अशा जोडण्या दुर्मिळच राहिल्या.

अमेरिकेत पुढे झोका दोन्हीकडे जात राहिला. 1945 मध्ये हार्वर्डच्याच समितीने सर्वांसाठी काही सामायिक शिक्षण हवे असा अहवाल दिला. उलट 1969 मध्ये ब्राउन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने विषयवाटपाच्या अटी उठवल्या.

भारतात ऐच्छिक क्रेडिट पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 च्या सुमारास सर्वत्र नेण्याचा प्रयत्न केला आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला चार वर्षांच्या पदवीची जोड दिली. महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये क्रेडिटची चौकट ठरवली. तिच्यात मेजर, मायनर, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रकार्य असे खण आहेत, आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुले ऐच्छिक विषय, मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे अशी अट आहे. लोवेल यांच्या विखुरलेल्या सहा विषयांशी या अटीचे नाते सरळ आहे. प्रत्यक्षात मात्र यादीतले सगळेच विषय सगळ्या कॉलेजांत मिळत नाहीत. वाणिज्याच्या मुलीला भूगोल घ्यायचा असेल, तर कॉलेजात भूगोलाचा शिक्षक हवा, त्याचा तास तिच्या हिशेबशास्त्राच्या तासावर आदळायला नको आणि वर्ग चालवण्याइतकी मुलेही जमायला हवीत.