आनंदवनातली भाजी वरोऱ्यात कुणी का घेत नव्हतं? वस्तूंवरच्या जंतूंची खरी गोष्ट

दाराची कडी, एटीएमची बटणं, एसटीतला दांडा, हातातला मोबाईल. या सगळ्यावर जंतू असतात हे कोरोनाने आपल्याला चांगलंच शिकवलं. पण वस्तूवर जंतू असणं आणि त्या वस्तूमुळे आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला नाही तर काय होतं, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा गावाने पाहिलंय.

बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर आनंदवन उभं केलं, ते साल होतं १९५१. सुरुवातीला सोबत होते अवघे सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय. रुग्णांनी विहीर खोदली, जमीन कसली, आणि काही काळातच स्वतःला पुरून उरेल इतकी भाजी पिकू लागली. ती बाजारात नेली तर घ्यायला कुणी तयार नाही! कुष्ठरोग्याच्या हाताची भाजी खाल्ली तर आपल्यालाही रोग होईल, हीच भीती.

पुढे १९५० च्या दशकातच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहिले. त्यांनी तिथे बांधकाम केलं, तिथलंच अन्न खाल्लं. हे बघून वरोऱ्यातल्या लोकांची भीती हळूहळू मोडली आणि भाजी विकली जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगून जे पटलं नसतं, ते शेजारी बसून जेवणाऱ्या माणसांमुळे पटलं. स्वतः बाबांनी तर प्रयोगासाठी कुष्ठरोगाचे जंतू अंगात टोचून घेतले होते, त्यांना रोग झाला नाही. (एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही आणि हा प्रयोग घरी करायचा नाही, हे सांगायला नकोच.)

मग शास्त्र काय म्हणतं? नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू फारच संथ आहे. पोटात राहणारा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, तर कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी जवळपास दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजही वाढवता येत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, तेही दीर्घकाळ जवळच्या सहवासात, तो पसरतो. हात मिळवणं, एका पंगतीत जेवणं, शेजारी बसणं यातून नाही. शिवाय बहुसंख्य माणसांत त्याच्याविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते.

टीबीचंही असंच. तो हवेतून पसरतो, तरी कित्येक घरांत रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढतात आणि खिडक्या मात्र बंद ठेवतात. नेमकं उलटं! ताट नेहमीसारखं धुतलं तरी चालतं, खोलीत वारा खेळायला हवा.

मग वस्तूंना घाबरायचं कधी? काही आजार खरंच वस्तूंवरून आणि हातांवरून येतात. डोळे आल्यावर एकच टॉवेल सगळ्यांनी वापरला की घरभर साथ पसरते. खरजेचा किडा अंथरुणात दोन-तीन दिवस जगू शकतो, म्हणून वसतिगृहात चादरी वाटून घेतल्या की सगळी पोरं खाजवायला लागतात. फ्लूचा विषाणू स्टील किंवा प्लॅस्टिकवर एक-दोन दिवस टिकू शकतो. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस तर आणखी चिवट, त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

पण इथेही बहुतेक वेळा जंतू वस्तूवरून उडी मारत नाहीत. आपला हात त्यांना तोंडापर्यंत, नाकापर्यंत, डोळ्यांपर्यंत नेतो. त्यामुळे दिवसभर कडी-कोयंडे पुसत बसण्यापेक्षा शौचानंतर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी २० सेकंद साबणाने हात धुणं जास्त कामाचं. मोबाईल जेवताना बाजूला ठेवा, आणि माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या.

कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र वस्तूंपेक्षा स्वतःच्या त्वचेकडे लक्ष द्या. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात आणि लोक काय म्हणतील म्हणून अनेकजण चट्टा लपवतात. उशीर झाला की नसा निकामी होतात, बोटं वाकडी होतात. फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे स्पर्श, गरम-गार कळत नाही, असा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. एमडीटी हे बहुऔषधी उपचार तिथे मोफत मिळतात, ते सहा किंवा बारा महिने चालतात, आणि सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होणं थांबतं.