वेठीपासून शाळेपर्यंत : उसगावच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेची वाटचाल

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याला वळून अंबाडीच्या दिशेने निघाले की मांडवी, पारोळ ही गावे मागे पडतात आणि डोंगराच्या कडेकडेने रस्ता उसगावला पोचतो. वसई-विरारच्या नळांना ज्या धरणांचे पाणी येते, त्यांतले एक इथे आहे. शहरातल्या बहुतेकांना उसगाव ठाऊक असते ते एवढ्यापुरते. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या कातकरी, वारली, मल्हार कोळी कुटुंबांना मात्र ‘उसगाव डोंगरी’ हा पत्ता वेगळ्याच कारणाने पाठ आहे. मालकाने मजुरी बुडवली, रेशन मिळेना, वनजमिनीचा दावा अडकला, पोर कुणाच्या दारी राबायला राहिले, की उसगावला जायचे. विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या जोडसंस्थांचे ठाणे तिथे आहे.

गरीब मुलांसाठी झटणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. कोणी वह्या-दप्तरे देते, कोणी फी भरते, कोणी दुपारचे जेवण घालते. त्या प्रत्येक मदतीचे मोल आहेच. उसगावच्या या दोन संस्थांनी मात्र विचार मुळापासून केला. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी त्याच्या आईबापाच्या मजुरीत शोधले. आईबाप कुणाचे बांधील असतील तर मूलही बांधील राहणार, हे त्यांना कामाच्या सुरुवातीलाच कळले आणि पुढची सारी वाटचाल त्या एका जाणिवेतून घडत गेली.

लग्नाचे कर्ज आणि आयुष्यभराची चाकरी

विधायक संसदेची स्थापना १९७९ सालची. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने आणि आणीबाणीने ढवळून निघालेल्या त्या पिढीतले अनेक तरुण तेव्हा खेड्यापाड्यांकडे वळत होते. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी संस्था उभी केली आणि वसई तालुक्यातल्या दहिसर गावात कामाला सुरुवात केली. मुंबईचे उपनगर असलेले दहिसर ते हे नव्हे. विरारच्या पूर्वेला, महामार्गाच्या अंगाला असलेले हे खेडे.

पाड्यांवर वावरताना त्यांच्यापुढे जे आले, ते औषधगोळ्यांनी किंवा साक्षरता वर्गाने सुटणारे नव्हते. लग्नासाठी आदिवासी तरुण जमीनमालकाकडून थोडे पैसे आणि धान्य उचलायचा. ते फेडण्यासाठी तो मालकाच्या घरी राबू लागायचा. लग्न झाल्यावर बायकोही राबायची आणि मुले चालती झाली की गुरांमागे जायची. हिशेब मालकाच्या वहीत, आकडाही मालकाचाच. ठाणे जिल्ह्यात या माणसांना लग्नगडी म्हणत. या प्रथेविरुद्ध १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांनी मोठा उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्या उठावाला तीन दशके उलटून गेली, तरी मुंबईपासून दोनअडीच तासांच्या अंतरावर वेठ चालूच होती.

कायदा तर झालेला होता. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वेठबिगाराचे कर्ज त्या दिवसापासून रद्द, त्याच्याकडून वसुली करणे गुन्हा, प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती, सुटलेल्या माणसाचे पुनर्वसन, असे सगळे त्यात होते. १९७८ पासून पुनर्वसनासाठी माणशी ४,००० रुपयांची तरतूदही झाली. अडचण एकच होती. आपण वेठबिगार आहोत हे त्या माणसाने अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगायला हवे होते. ज्याच्या ओसरीवर भाकरी खायची, त्याच्याच विरोधात हे बोलायचे. त्यासाठी पाठीशी कुणीतरी असावे लागते.

मुक्तीच्या दुसऱ्या दिवशी काय?

ही पाठराखण करण्यासाठी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. कामाची वाटणी सरळ होती. विधायक संसदेने शिक्षण, प्रशिक्षण, आरोग्य अशी रचनेची कामे पाहायची आणि श्रमजीवी संघटनेने हक्कासाठी लढायचे. रचना आणि संघर्ष यांची ही जोडी महाराष्ट्राच्या समाजवादी परंपरेत नवी नव्हती. एकाच पाड्यावर, एकाच कुटुंबासाठी दोन्ही कामे वर्षानुवर्षे चालू ठेवणे मात्र अवघड होते आणि तेच इथे घडले.

वेठबिगाराला सोडवणे म्हणजे मुक्तीचा दाखला हातात देणे एवढेच नसते. दाखला मिळाला त्या रात्री चूल कशावर पेटणार? मालकाच्या जमिनीवर झोपडी असेल तर ती हलवायची कुठे? गावातल्या कुठल्याच शेतावर काम मिळाले नाही तर? हे प्रश्न सुटले नाहीत तर सुटलेला माणूस महिनाभरात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. म्हणून संघटनेला किमान वेतनासाठी लढावे लागले, रोजगार हमीचे काम मागावे लागले, घराखालच्या जागेसाठी आणि कसत असलेल्या वनजमिनीसाठी मोर्चे काढावे लागले. धमक्या, मारहाण, खटले हे कार्यकर्त्यांच्या वाट्याला आले ते याच टप्प्यावर.

याच सुमारास देशपातळीवर एक मोठा आधार मिळाला. १६ डिसेंबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचल किंवा तशाच कुठल्या लाभाच्या मोबदल्यात आहे असे न्यायालय गृहीत धरेल आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे, असे त्यात म्हटले. अंगठा घेतलेली वही मालकाकडे असताना कर्जाचा पुरावा मजुराने कुठून आणायचा, हा पाड्यावरचा रोजचा पेच त्यामुळे हलका झाला.

भोंग्यातली शाळा

शेतावरची वेठ मागे हटू लागली, तशी दुसरी वेठ ठळक झाली. ती वीटभट्टीवरची. मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली, नालासोपारा, विरार, भिवंडी परिसरात इमारती उठू लागल्या आणि त्यांच्यासाठी लागणारी वीट वसई, भिवंडी, वाडा तालुक्यांतल्या भट्ट्यांवर पडू लागली.

भट्टीचा हिशेब समजून घेतल्याशिवाय तिथल्या मुलांचा प्रश्न समजत नाही. पावसाळ्यात पाड्यावर काम नसते, घरात दाणा नसतो. तेव्हा मालक किंवा मुकादम येऊन उचल देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर जाते. काम नवराबायकोच्या जोडीने करायचे आणि मजुरी हजार विटांमागे धरायची. रात्री दोन-तीनला उठून गारा मळायचा, साच्यातून विटा पाडायच्या, उन्हात सुकवायच्या. आठवड्याला बाजारहाटापुरती खर्ची मिळते. खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि उचल, खर्ची, आजारपण सगळे वळते होऊन पुष्कळदा पैसे मजुराच्याच अंगावर राहतात. ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

या सहासात महिन्यांत मुले काय करतात? लहानगी विटा उलटवतात, मोठी वाहतात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. गावच्या शाळेच्या पटावर त्यांचे नाव असते. जून ते ऑक्टोबर ती शाळेत बसतात, दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. दोन-तीन वर्षे असे झाले की अक्षर विसरते आणि शाळा कायमची सुटते.

विधायक संसदेने १९९०च्या दशकात यावर काढलेला उपाय म्हणजे भोंगा शाळा. भट्टीवर विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून मजूर जी तात्पुरती खोपटी बांधतात, त्यांना भोंगा म्हणतात. तसाच एक भोंगा शाळेसाठी उभारायचा. त्याच भागातल्या, मुलांची बोली जाणणाऱ्या शिकलेल्या तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करायचे. वेळ मुलांच्या दिवसाला धरून ठरवायची. कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही, भावंडालाही बसवून घ्यायचे. हंगाम संपल्यावर मूल गावी गेले की तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे वर्ष वाया जाऊ नये, यासाठी शिक्षण खात्याकडे पाठपुरावा करायचा.

पैशाच्या दृष्टीने ही अतिशय साधी योजना होती, पण तिच्यामागे मोठा आग्रह होता. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे आणि हे काम अखेर शासनाचे आहे. संस्थेने ते करून दाखवायचे ते शासनाला ‘हे जमत नाही’ असे म्हणता येऊ नये म्हणून. पुढे राज्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, आईबाप स्थलांतर करत असताना मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्ड आले. स्थलांतरित मुलाचे शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार रुजण्यात भोंगा शाळेसारख्या प्रयोगांचा वाटा आहे.

उसगावचे आवार

उसगाव डोंगरीवर संस्थेने एकलव्य परिवर्तन विद्यालय ही निवासी शाळा चालवली. भट्टीवरून, वेठीतून बाहेर आलेल्या घरांतली मुले तिथे राहून शिकली. त्याच आवारात कार्यकर्त्यांची शिबिरे भरत राहिली. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा, हे तिथे शिकवले जाते. जे आईबाप पूर्वी तहसील कचेरीच्या पायरीवर थबकत, ते आत जाऊन साहेबापुढच्या खुर्चीत बसू लागले. मुलांच्या शिक्षणाला याहून भक्कम आधार दुसरा नाही.

पाड्यावरचा प्रश्न शेवटी मुंबईतल्या अंदाजपत्रकात जाऊन अडतो, हे ध्यानात घेऊन पंडित दाम्पत्याने ‘समर्थन’ ही संस्था उभी केली. आदिवासी विकासासाठी किती पैसा ठेवला, किती खर्च झाला, किती दुसरीकडे वळवला, याचा अभ्यास करून तो आमदारांपुढे आणि वर्तमानपत्रांपुढे मांडण्याचे काम तिने केले. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना आपला पुरस्कार दिला. १८३९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध स्थापन झालेल्या संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या उंबरठ्यावरच्या तालुक्यातल्या कामाची दखल घ्यावी, हा कार्यकर्त्यांचा सन्मान होता आणि आपल्या समाजाला इशाराही. पुढे २००९ ते २०१४ या काळात विवेक पंडित वसईचे आमदार होते.

पोट आणि पाटी

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा नवा, दुखणे जुने. जव्हारजवळच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी १९९०च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी तीच जखम पुन्हा उघडी केली आणि श्रमजीवी संघटना रस्त्यावर उतरली. मागणी औषधांपुरती नव्हती. गावातच रोजगार द्या, वेळेवर मजुरी द्या, अंगणवाडीचा आहार आणि रेशन घरापर्यंत पोचू द्या, अशी ती होती. कारण आई गरोदरपणातही भट्टीवर विटा वाहत असेल, तर बाळाचे वजन दवाखान्यात भरून निघत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत हे पुन्हा दिसले. कामे थांबली, खर्ची थांबली, अनेक कुटुंबांकडे रेशनकार्डच नव्हते. संघटनेने पाड्यापाड्यांवर धान्य पोचवले आणि शासनाकडेही तगादा लावला. आदिवासी कुटुंबांसाठीची बंद पडलेली खावटी योजना त्या काळात अनुदानाच्या रूपात पुन्हा सुरू झाली. कुटुंबाला ४,००० रुपयांचे साहाय्य, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात, असे तिचे स्वरूप होते.

काम संपलेले नाही

इतक्या वर्षांनंतर ही वाटचाल यशोगाथा म्हणून संपवता आली असती तर बरे झाले असते. पण २०२१ मध्ये मोखाड्यात मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी एका आदिवासी बापाला राबवले गेल्याचे प्रकरण पुढे आले. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीवरची मुले थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला पाठवल्याचे उघडकीस आले, तेही एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यावर. दोन्ही वेळी श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते त्या कुटुंबांच्या मागे उभे राहिले आणि गुन्हे दाखल झाले. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी कातकरी ही एक आहे. तिच्यातले मूल आजही पाचशे-हजार रुपयांत बांधले जाऊ शकते, ही वस्तुस्थिती आहे.

२०१६ पासून वेठमुक्त पुरुषाला १ लाख, स्त्री आणि बालकाला २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांपर्यंत पुनर्वसन साहाय्याची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि जन्मदाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही. कायदे आहेत, योजना आहेत. उसगावने दाखवून दिले ते हे, की त्या कायद्यांना आईबापांची संघटना मिळाली तरच ते पाड्यापर्यंत पोचतात.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. तेवढ्या माणसांची घरे ज्या विटांनी उभी राहिली, त्यांतल्या पुष्कळ याच मुलांच्या आईबापांनी पाडल्या. म्हणून वाचकांना एक विनंती. संस्थेला देणगी जरूर द्या, वह्या-पुस्तकेही द्या. पण घर बांधताना, दुरुस्ती काढताना कंत्राटदाराला विचारा, की वीट कुठल्या भट्टीवरची आहे आणि तिथल्या जोडीला हजारामागे किती मिळतात. दिवाळीनंतर आपल्या परिसरात भट्टी लागली आणि तिथे शाळेच्या वयाची मुले दिसली, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा. मूल राबताना दिसले, तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो फोन फुकट लागतो.