शिलाहारांची भावकी

मराठी माणसाला सनावळ्या पाठ नसल्या तरी चालतं, सातबारा मात्र पाठ लागतो. चुलत्यानं बांध कोणत्या साली किती वीत सरकवला, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. त्यामुळं शिलाहार राजांचा इतिहास खरं तर आपल्याला चटकन समजायला हवा. एक कुळ, तीन घरं, आणि तिन्ही घरांचं म्हणणं एकच : आम्ही मूळचे तेरचे!

पहिलं घर ठाण्याचं. आपली वसई, सोपारं, आगाशी त्यांच्याच चौदाशे गावांत. दुसरं दक्षिण कोकणातलं, खारेपाटणच्या बाजूचं. तिसरं कोल्हापूरचं, अंबाबाईला मानणारं. राज्य कुणाचं कुठंही असो, ताम्रपटावर बिरुद ठरलेलं : ‘तगरपुरवराधीश्वर’. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक टिपणात आपल्या सोपाऱ्याबरोबर या तगराचंही नाव आहे, म्हणजे गाव नामांकितच. दादरला तीन पिढ्या काढून ‘मूळचे आम्ही गुहागरचे हो’ म्हणणाऱ्यांनी शिलाहारांना हसू नये.

मूळ पुरुषही तिघांचा एकच, विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन. गरुडाला रोज एक नाग लागे. एका नागाऐवजी हा बहाद्दर स्वतःच शिळेवर जाऊन आडवा झाला. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार, अशी व्युत्पत्ती सांगतात. पण गंमत पुढेच आहे. या राजांच्या ध्वजावर चिन्ह कोणतं? सोन्याचा गरुड! ज्यानं आजोबांना टोचून खाल्लं त्याचंच चित्र झेंड्यावर मिरवायचं, हे मोठं मन झालं की विसरभोळेपणा, ते तुम्हीच ठरवा.

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची हौस त्यांनाही होती. ठाण्याच्या घरात कपर्दी दोन, वज्जड दोन, अपरादित्य दोन. वंशावळ वाचताना डोकं गरगरतं. तरी आपली सोय बरीच म्हणायची. तिकडे इजिप्तमधल्या ग्रीक घराण्यात झाडून सगळे राजे टॉलेमीच, आणि राण्यांत क्लिओपात्रा इतक्या की प्रसिद्ध झालेली बाई सातवी. (भूगोल लिहिणारा टॉलेमी वेगळा, त्याचा त्या भाऊबंदांशी संबंध नाही.)

आता भावकी म्हटली की भांडण आलंच. ठाण्याच्या अनंतदेवाचा १०९४ सालचा ताम्रपट आहे. दायादांच्या वैरामुळं राज्यावर संकट आलं, त्या संधीत दुष्टांनी कोकण नासवलं आणि मी त्यांचा निकाल लावला, असं तो सांगतो. घरातली भांडणं आपण शेजारणीला कळू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतो. यांनी ती तांब्यावर कोरून ठेवली!

त्याच्यानंतरचा अपरादित्य मात्र मला मनापासून आवडतो. गोव्याच्या कदंबांनी गिळलेलं राज्य त्यानं परत मिळवलं. एवढ्यावर तो थांबला नाही. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ ही जाडजूड टीका त्याच्या नावावर आहे, आणि त्या स्मृतीत वारसाहक्क आणि वाटण्यांचं मोठं प्रकरण आहे. भावकीनं पोळलेल्या घरातल्या माणसानं वाटणीचा कायदा लिहावा, यात मला तरी नवल वाटत नाही. या राजाचा तेजकंठ नावाचा वकील शूर्पारकाहून थेट काश्मीरला पंडितांच्या सभेला गेला होता. मंख कवीनं ‘श्रीकंठचरिता’त त्याची नोंद केली आहे. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. आज तिथून चर्चगेटला बसून जायला मिळालं तरी माणूस घरी जाऊन सांगतो!

भावकी नुसती भांडत नाही, अडल्या वेळी उभीही राहते. ठाण्याचा राजा पदच्युत झाला तेव्हा त्याला पुन्हा गादीवर बसवल्याचं श्रेय कोल्हापूरच्या विजयादित्याला त्यांचे लेख देतात. उपकाराची नोंद अर्थात उपकार करणाऱ्याच्याच वहीत. कोल्हापूरचे आमचे एक काका १९६८ साली दिलेल्या शंभर रुपयांबद्दल हेच करत.

आगाशीला हरिपालदेवाच्या काळातला ११५० चा शिलालेख सापडला. त्यात शूर्पारकातल्या वट्टारक गावाचा उल्लेख आहे. कानाला तरी ते आपलं वटारच वाटतं. दान कुणाला? ब्रह्मदेवभट्ट नावाच्या पुरोहिताला, बापाच्या आणि आजाच्या नावासकट. पुढं कुणी भाऊबंद उपटू नये, म्हणूनच असणार.

पण कागद चोख असून राज्य राहत नाही. खारेपाटणचं घर अकराव्या शतकातच संपलं. कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाला देवगिरीच्या सिंघण यादवानं हरवलं. राहिलं ठाण्याचं घर. त्यांचं आणखी एक बिरुद होतं, ‘पश्चिमसमुद्राधिपती’. शेवटचा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास महादेव यादवापुढं हटत हटत समुद्रात शिरला आणि तिथंच बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्यानं समुद्र बरा मानला, असं यादवांचा हेमाद्री लिहितो. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर वल्ह्यांच्या लांबलचक नौकांची लढाई कोरलेली आहे. ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वराच्या मदतीला त्या वेळी एकही चुलत घर उरलं नव्हतं.