न थांबता डिस्क बदलणे : मिररिंगचा इतिहास

१/८
बँकेचे व्यवहार चालू असताना संगणकाची डिस्क निकामी झाली, तर? १९७० च्या दशकात उत्तर बहुधा ठरलेले असे : यंत्रणा थांबवा, नवी डिस्क बसवा, टेपवरची जुनी प्रत तिच्यावर उतरवा. टेप कालची असेल, तर आजच्या नोंदी नव्याने जुळवाव्या लागत.

२/८
जेम्स ट्रायबिग यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली टँडम कंपनी याच प्रश्नावर उभी राहिली. तिची पहिली ‘नॉनस्टॉप’ यंत्रणा १९७६ मध्ये सिटीबँकेत दाखल झाली.

३/८
टँडमचे सॉफ्टवेअर प्रत्येक नोंद दोन डिस्कांवर लिहीत असे. एक डिस्क बंद पडली, तरी दुसरीवर कारभार चाले. नवी डिस्क बसवली की, व्यवहार न थांबवता शाबूत डिस्कवरील माहिती तिच्यावर उतरवली जाई.

४/८
मात्र डिस्कांचा खर्च दुप्पट होता. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या समूहाची, म्हणजे ‘रेड’ची मांडणी केली. गंमत अशी की, ज्या मिररिंगला त्यांनी सर्वांत महाग पर्याय ठरवले, तेच ‘रेड १’ या नावाने घरोघरी पोहोचले.

५/८
लिनक्समध्ये ही सोय फुकट मिळाली. नील ब्राउन यांनी २००१ मध्ये ‘एमडीएडीएम’ हे साधन लिहिण्यास आरंभ केला. क्रम तोच राहिला : सदोष डिस्कवर तशी खूण करणे, तिला संचातून काढणे, नवी जोडणे. पुढची नक्कल यंत्रणा स्वतः करते.

६/८
ही नक्कल पूर्ण होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. सारी माहिती तेव्हा एकाच डिस्कच्या भरवशावर असते. डिस्कांची क्षमता वाढत गेली, तसा हा काळही लांबला.

७/८
टँडमच्याच जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये यंत्रणा का थांबतात, याचा शोध घेतला. नव्या उत्पादनांतील आरंभीचे बिघाड वगळता ४२ टक्के घटनांचे मूळ देखभाल व हाताळणीत होते. हार्डवेअरचा वाटा १८ टक्केच. एकसारख्या दिसणाऱ्या दोन डिस्कांपैकी चुकून शाबूत डिस्क उपसली, तर मिररिंग निरुपयोगी ठरते. म्हणूनच हात लावण्यापूर्वी अनुक्रमांक ताडून पाहण्याचा शिरस्ता आहे.

८/८
मिररिंग चुकीची आज्ञाही इमानाने पाळते. एका डिस्कवरून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. म्हणूनच दोन डिस्का असल्या, तरी वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीची गरज आजही संपलेली नाही.