भोंडल्याच्या फेरातील इतिहास

आश्विन लागला की दिल्लीतील मराठी वसाहतींच्या अंगणांत पाटावर हत्ती रेखाटला जातो आणि त्याच्याभोवती मुलींचा फेर सुरू होतो. आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांत जागा बदलल्या, सभासद बदलले. भोंडला मात्र टिकून राहिला. अलीकडे आमच्यातीलच काही लेकी-सुनांनी एक रास्त प्रश्न उपस्थित केला आहे : सासुरवासाची ही गाणी आजच्या मुलींच्या तोंडी कशाला? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बालगीतांत गूढार्थ शोधण्याची हौस सार्वत्रिक आहे. 'रिंगा रिंगा रोझेस' हे १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगचे गीत होय, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु केट ग्रीनवे यांच्या पुस्तकात ते छापले गेले १८८१ साली, आणि प्लेगचा अर्थ त्यास चिकटला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. तेव्हा पानिपत येथून जवळ आहे म्हणून आपल्या प्रत्येक निरर्थक यमकात १७६१ चा रणसंग्राम पाहण्याचा मोह आपणही आवरलेला बरा.

याचा अर्थ आपल्या बालवाङ्मयास इतिहास नाही असा नव्हे. शेणाच्या घरातील काऊची गोष्ट तेराव्या शतकातील लीळाचरित्रात आढळते. तेथे चिऊच्या जागी मेणाच्या घरात साळई राहते, इतकाच फरक.

भोंडल्याचा अर्थ तर उघडच आहे. सप्टेंबरअखेर सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो; पाटावरचा हत्ती हे त्याचेच प्रतीक. गाण्यांचा जीव मात्र माहेरात गुंतलेला आहे. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई मांडतात. ती माहेरपणास आलेली पार्वतीच. आणि आमच्या शेजारी, दिल्ली-हरियाणाच्या खेड्यांत, याच सुमारास मुली भिंतीवर मातीची सांझी घडवून तिची गाणी गातात व दसऱ्याला तिचे विसर्जन करतात. भाषा निराळी, पण ऋतू तोच आणि फेर धरणारे वयही तेच.

त्या वयाचा विचार केला म्हणजे गाण्यांतील मर्म उलगडते. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविणारा शारदा कायदा १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यापूर्वी आठ-दहा वर्षांच्या मुलीही बोहल्यावर चढत. कारल्याच्या वेलाचे गाणे आठवावे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू एकामागून एक अट घालते : वेल रुजावा, फुलावा, फळावा, भाजी व्हावी. ऐकणारे हसतात, परंतु एका वेलाच्या वाढीइतकी लांबणारी ती वाट पाहणे परकराच्या वयाच्या मुलींनी प्रत्यक्ष भोगलेले आहे. घरात जे बोलता येत नसे, ते फेरात, सर्वांच्या देखत, गाता येत असे.

म्हणून ही गाणी वगळू नयेत, असे आम्हांस नम्रपणे वाटते. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांची ही बखर आहे. मात्र ती अर्थ न सांगता मुलींकडून घोकून घेणे हाही अन्यायच. यंदा खिरापत ओळखण्यापूर्वी एखाद्या आजीने फेराच्या मध्ये बसून एका गाण्याची कथा सांगावी. खिरापतीचा डबा त्यानंतर उघडला तरी चालेल.