एम्प्रेस मिलचा पेन्शन फंड

परवा आमच्या कंपनीचं वृक्षारोपण झालं. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, फोटो, मग सामोसे. खड्डे आदल्या दिवशी कंत्राटी माणसांनी खणून ठेवले होते. ते अर्थातच फोटोत नाहीत. याला ‘सीएसआर’ म्हणतात. परतताना बसमध्ये मला नागपूरची एम्प्रेस मिल आठवत राहिली.

जमशेटजी टाटांनी ती सुरू केली १ जानेवारी १८७७ला, म्हणजे दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. नाव त्यावरूनच पडलं. गिरणी चालू झाली खरी, पण कामगार टिकून कामावर येईनात. आज आले, उद्या नाही! मालकाने अशा वेळी दंड लावला असता तर त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. जमशेटजींनी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी बक्षिसं सुरू केली. हवा खेळती आणि दमट राहावी म्हणून यंत्रणा बसवली. (दमट हवेत सूतही कमी तुटतं, हा हिशेब होताच!) १८८६ साली पेन्शन फंड काढला, १८९५पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. अपघात भरपाईचा सरकारी कायदा आला १९२३ला, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ला. आता बोला!

१८९५च्याच एका भाषणात जमशेटजी म्हणाले होते की आम्ही इतरांपेक्षा दानशूर आहोत असा आमचा दावा नाही, कामगारांचं आरोग्य आणि कल्याण हा आमच्या भरभराटीचा पाया आहे. मला हा रोखठोकपणा फार आवडतो. गिरणीने नफाही भरपूर कमावला. अर्थात तो एकट्या पेन्शन फंडामुळे नाही, यंत्रंही नवी होती.

पुढे १९८६ला गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ला बंद पडली. असो.

गंमत वेगळीच आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे जमशेटजींचा पेन्शन फंड आज सीएसआरमध्ये बसलाच नसता, आमची झाडं मात्र बसतात.

त्या खड्डे खणणाऱ्यांचा पीएफ भरला जातो का, हे मी एचआरला अजून विचारलेलं नाही.