मोशीत कारखान्याचा आवाज मोजताना महामार्गाचा गोंगाट वजा कसा करतात?

मोशीतून पुणे-नाशिक महामार्ग जातो, भोसरी एमआयडीसीही जवळच. रात्री कारखान्याचा आवाज मोजायला मायक्रोफोन लावला, की त्यात ट्रकही येतातच. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ही मर्यादा 45 डेसिबल आहे. ती नेमकी कोणामुळे ओलांडली गेली, हे एका आकड्यावरून कळत नाही.

म्हणून दोनदा मोजतात: यंत्र चालू असताना आणि बंद असताना. पण डेसिबलची साधी वजाबाकी चालत नाही. चालू असताना 60 आणि बंद असताना 57 आले, तर यंत्राचा आवाज 3 नव्हे, साधारण 57 डेसिबल असतो. म्हणजे रस्त्याइतकाच! फरक 10 पेक्षा जास्त असेल तर दुरुस्तीची फारशी गरज नसते. 3 पेक्षा कमी असेल तर त्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही.

वाऱ्याची घरघर अशी वजा करता येत नाही; त्यासाठी मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा बसवतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यंत्राजवळ जाऊन मोजणे. उघड्यावर अंतर निम्मे केले, की छोट्या यंत्राचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. दूरच्या महामार्गाचा जवळजवळ तेवढाच राहतो. मग घरापर्यंतचे अंतर धरून हिशेब करतात.